सुतारकाम चालू आहे!

*भिवंडी म्हटलं की लूम, ट्रक आणि ट्रॅफिक. पण या खडखडाटात एक टकटक वेगळीच आहे. ऑफिसला निघण्याआधीच्या वीस मिनिटांत, सोसायटीच्या बाल्कनीतून पाहिलेल्या सुतार पक्ष्याची ही गोष्ट. आणि माझ्या एका सहीचीही.*

१४ फेब्रुवारी २०२५. व्हॅलेंटाइन्स डे. सकाळचे सहा चाळीस. कोणीतरी माझ्या खिडकीबाहेर ढोल वाजवत होतं.

माझ्यासाठी नव्हे, एवढं आपलं नशीब कुठलं! पण आवाज खरा होता. टर्रर्रर्र... मग शांत. पुन्हा टर्रर्रर्र... अर्धवट झोपेत मला वाटलं, शेजारच्या कारखान्यात लूम चालू झाला. भिवंडीत वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? आमच्या कामतघरच्या बाजूला अजूनही घराला लागून यंत्रमागाचे गाळे आहेत. खटखट-खटखट ही आमची अंगाई. पाहुणे आले की विचारतात, ‘या आवाजात झोपता कसे?’ आम्ही विचारतो, ‘कुठल्या आवाजात?’

मग लक्षात आलं, आज शुक्रवार. आमच्या शेजारचा कारखाना शुक्रवारी बंद असतो. मग हे कोण?

बाल्कनीत आले. कंपाउंडच्या कोपऱ्यात शेंडा गेलेला एक माड उभा होता. दोन वर्षांपूर्वी भुंग्याने त्याचा कोंब खाल्ला, झावळ्या गळल्या आणि उरला तो नुसता खांब. त्या खांबाच्या टोकाशी लाल तुर्रा, पिवळीधमक सोनेरी पाठ आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा चेहरा असा एक देखणा गडी चिकटला होता. त्याने मान मागे घेतली आणि पुन्हा टर्रर्रर्र!

तुम्ही म्हणाल, भारी सीन आहे. एखादीने फोन काढून स्टोरी टाकली असती. मी मात्र आत जाऊन बेडवर बसले, कारण हा पक्षी मी आधी पाहिला होता. मे २०२४ मध्ये, बुटांच्या खोक्यात.

ती सही माझी होती

आमच्या सोसायटीच्या कमिटीत मी अपघाताने आले. ‘तरुण रक्त पाहिजे’ असं सेक्रेटरी काका म्हणाले. त्याचा खरा अर्थ ‘मराठीत टायपिंग येणारं कोणीतरी पाहिजे’ असा होता, हे नंतर कळलं. नोकरी मानकोलीच्या बाजूच्या एका वेअरहाऊसमध्ये, ऑपरेशन्सला. दिवसभर गाडी कुठे अडकली, माल कुठे उतरला, कोणता डॉक रिकामा आहे, हेच. घरी येऊन सोसायटीची पत्रं टाइप करायची.

२०२४ च्या उन्हाळ्यात पार्किंगवरच्या पर्जन्यवृक्षाची एक जाड फांदी सुकली होती. खाली गाड्या. पावसाळ्यात पडली तर? प्रश्न रास्त होता. अर्ज मीच टाइप केला, सही मीच केली, परवानगी रीतसर आली आणि एका मंगळवारी, मी कामावर असताना, फांदी उतरवली गेली.

संध्याकाळी आले तर वॉचमनकाका गेटवरच थांबलेले. हातात बुटांचं खोकं, त्यात जुन्या बनियनवर दोन पिल्लं. पिसं नुकती फुटत होती, डोळे मिटलेले. ‘मॅडम, फांदीत भोक होतं. कापल्यावर कळलं.’ अंगणात लाकडाचा तो तुकडा पडला होता, त्यात क्रिकेटच्या बॉलएवढं गोल भोक. इतकं गोल की ड्रिलने पाडलंय वाटावं. आणि वर उरलेल्या झाडावर सोनेरी पाठीचा एक पक्षी इकडून तिकडे उडत ओरडत होता.

पिल्लं रात्रीपर्यंत गेली. कोणी मला बोललं नाही. नियमाने सगळं बरोबर होतं. फक्त कापण्याआधी वर बघायचं असतं, हे कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. त्या रात्री मी पहिल्यांदा ‘सुतार पक्षी’ सर्च केलं. आधी करायला हवं होतं.

नाव बंगालचं, पत्ता भिवंडीचा

आपल्याकडे शहरी वस्तीत हमखास दिसणारा सुतार हाच. मराठीत सोनेरी पाठीचा सुतार किंवा सोनपाठी सुतार. शास्त्रीय नाव डायनोपियम बेंघालेन्स. १७५८ साली लिनियसने त्याचं नामकरण करताना बंगालचं नाव दिलं, पण पठ्ठ्या जवळजवळ भारतभर राहतो. बाहेरचं नाव आणि इथला पत्ता ही भिवंडीची जुनीच तऱ्हा. आमच्या मजल्यावर तेलंगणातून आलेले विणकर आहेत, आझमगढचे आहेत, कोकणातले आम्ही आहोत. त्यात एक बंगाली नावाचा सुतार. काय हरकत आहे?

नर-मादी ओळखणं सोपं. नराचा कपाळापासून मागपर्यंत सगळा माथा लाल. मादीचा तुरा मागे लाल, पण पुढचा भाग काळा आणि त्यावर पांढरे ठिपके, टिकल्यांची डिझाइन केल्यासारखे. उडताना सरळ रेषेत जात नाहीत, लाटांवर होडी जावी तसे वर-खाली, वर-खाली. आणि ओरडणं म्हणजे मोठमोठ्याने, घाईघाईत हसल्यासारखं.

एक गोंधळ मात्र सगळे करतात, मीही केला. दुपारी उन्हात ‘टुक-टुक-टुक’ असा एका लयीत आवाज येतो ना, तो सुतार नव्हे. तो तांबट. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारल्यासारखा तो आवाज त्याच्या गळ्यातून येतो. सुताराचा ढोल मात्र खराखुरा, लाकडावर चोचीने वाजवलेला. गंमत म्हणजे तांबट आणि सुतार एकाच गणातले, म्हणजे लांबचे भाऊबंदच. तांबटही सुकलेल्या फांदीत भोक कोरून घरटं करतो.

आणखी एक नाव आवर्जून लक्षात ठेवा : मराठा सुतार! पिवळसर कपाळाचा, अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेला छोटा सुतार. १८०१ साली जॉन लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्याला ‘महराटेन्सिस’ असं नाव दिलं. विरळ, कोरड्या झाडीत तो दिसतो. शास्त्रीय नावातच महाराष्ट्र घेऊन फिरणारा पक्षी आपल्याला माहीत नसतो आणि पेंग्विन बघायला आपण राणीच्या बागेत रांग लावतो!

याचं डोकं दुखत नाही?

ऑफिसमध्ये ही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न हाच. ठाण्याहून येणारी माझी कलीग तर म्हणाली, ‘मला एक्सेल उघडलं तरी दुखतं, हा दिवसभर आपटतो!’

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. सुताराचं डोकं का दुखत नाही, यावरच्या कामासाठी २००६ साली इव्हान श्वाब आणि दिवंगत फिलिप मे यांना ‘इग नोबेल’ मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचं हे पारितोषिक. तेव्हापासून सगळीकडे एकच सांगितलं जायचं : सुताराच्या कवटीत शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो.

पण २०२२ मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या सॅम व्हॅन वासेनबर्ग यांच्या गटाने तीन जातींच्या सुतारांचं हायस्पीड कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि ही समजूत मोडली. शॉक अ‍ॅब्सॉर्बर वगैरे काही नाही, त्याचं डोकं चक्क हातोडीसारखं कडक चालतं. आणि विचार केला तर बरोबरच आहे. हातोडीला उशी बांधली तर खिळा कसा ठोकणार? मग मेंदूचं काय? तर तो इतका छोटा असतो की त्या धक्क्याने त्याला इजा होत नाही. आपल्याएवढा मोठा मेंदू असता तर पहिल्याच दिवशी सिक लीव्ह.

बाकी हत्यारंही कामाचीच. पायाची बोटं दोन पुढे, दोन मागे, म्हणजे उभ्या खोडावर पक्की पकड. शेपटीची पिसं इतकी ताठ की ती टेकवून तो स्टुलावर बसल्यासारखा बसतो. जीभ लांब, चिकट, टोकाला काटेरी. तिला आधार देणारी हाडं कवटीला मागून वळसा घालून जातात. ती भोकात घालायची आणि मुंग्या, अळ्या बाहेर काढायच्या. पोखरणाऱ्या किड्यांवर एवढा वचक ठेवणारा हा प्राणी, आणि आपण म्हणतो तो झाड खराब करतो!

शिवाय टकटक दोन प्रकारची. खाणं शोधताना किंवा घरटं कोरताना ती सावकाश, थांबून-थांबून. पण ‘हा माझा इलाका आहे’ किंवा ‘मी सिंगल आहे’ हे सांगायचं असेल तेव्हा तो ढोल वाजवतो, सलग आणि वेगाने. त्यासाठी छान घुमणारं, सुकलेलं, पोकळ लाकूड निवडतो. व्हॅलेंटाइन्स डेला आमच्या माडावर चाललं होतं ते हेच. मार्चपर्यंत मादीही आली. आणि मग ढोल कमी झाला, ठोकाठोकी वाढली. माडाच्या बुंध्याशी भुसा पडायला लागला. घराचं काम चालू झालं होतं.

अजेंडा नंबर पाच

प्रॉब्लेम असा की तो माड कापायचा ठराव आधीच झाला होता.

३० मार्चला गुढीपाडवा होता. गुढ्या उभारून झाल्यावर खाली मीटिंग. अजेंडा नंबर एक ते चार : पाण्याचे टँकर, लिफ्ट, थकबाकी, पार्किंग. नंबर पाच : सुकलेला माड. मी उभी राहिले आणि म्हणाले, ‘माड आत्ता नको. जूनपर्यंत थांबू.’

कारण सांगितलं तेव्हा थोडे हसले. दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, ‘बाळ, माझा नातू त्या माडाखाली सायकल चालवतो. पक्ष्याचं मला कळतं. पण उद्या काही झालं तर तू सही करशील?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहीचं तर अजिबातच नव्हतं. काकांचं काही चुकत नव्हतं. पक्षी वाचवायचा म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर माड ठेवायचा, हा हट्ट झाला. मग मी तेच बोलले जे मला रोजच्या कामातून येतं : डॉक रिकामा करा. माडाखाली तीन बाइक आणि एक कार लागायची. ती जागा दोन महिने बंद ठेवू. दोरी लावू, पोरांना पलीकडे खेळू दे. एक बाइक माझीच होती, ती बाहेर लावीन. पाडेलीला बोलावून खोड हलतंय का बघून घेऊ, दोराने शेजारच्या दोन माडांना ताण देऊ. आणि ३१ मे ही शेवटची तारीख. पिल्लं उडोत, न उडोत, त्या दिवशी माड उतरवायचा.

शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज बसला. पण ते बोलले नसते तर ठराव झाला नसता.

बी विंगच्या आजींनी हात वर केला. ‘मागच्या वर्षी त्या पिल्लांना पाणी मीच पाजत होते,’ एवढंच म्हणाल्या. ठराव पास.

मेहताजींची वही

इथे गोष्टीत माझे बाबा येतात.

बाबा तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होते. म्हणजे हिशेब, हजेरी, किती ताके निघाले, कुठला बीम संपला, सगळं त्यांच्या वहीत. धोटा दोन्ही बाजूंना आपटत असतो, अशा पन्नास मागांच्या मधे बसून. त्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. अशा कामात कान जातात, आणि सगळे आवाज एकदम जात नाहीत. उंच पट्टीचे आधी जातात. म्हणून टीव्हीवरच्या माणसाचं पुटपुटणं बाबांना जरासं कळतं, पण कुकरची शिट्टी कळत नाही. दाराची बेल नाही. पक्षी तर गेलेच.

रिटायर झाल्यापासून ते बाल्कनीत बसून असायचे. काय बघता विचारलं तर ‘काही नाही’. मी त्यांना माड दाखवला. आवाज त्यांना येत नव्हता, पण चोच दिसत होती, उडणारा भुसा दिसत होता. दहा मिनिटं एकटक बघत राहिले. म्हणाले, ‘हा पाळीने काम करतो.’

आणि खरंच! एक भोकात, एक बाहेर. थोड्या वेळाने अदलाबदल. दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटातून कोरी लाल वही काढली. रकाने आखले : तारीख, वेळ, कोण आत, कोण बाहेर, शेरा. ‘ना’ म्हणजे नर, ‘मा’ म्हणजे मादी. मी ऑफिसला जायच्या आधी आणि आल्यावर वही बघायची. आमचं इतकं बोलणं गेल्या पाच वर्षांत झालं नसेल. ते लिहायचे दिसलेलं, मी सांगायचे ऐकलेलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ठोकाठोकी थांबली. शेरा : ‘काम बंद. कोणी ना कोणी कायम आत.’ अंडी! सोनेरी पाठीच्या सुताराची अंडी पांढरी, चकचकीत असतात, जास्तीत जास्त तीन. साधारण अकरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि सुमारे वीस दिवसांत घरटं सोडतात. हे वाचल्यावर मी कॅलेंडर घेऊन बसले. ३१ मे जवळच होती, पण गणित जमत होतं.

४ मे, रविवार. शेरा : ‘चोचीत काहीतरी घेऊन आत. ९ फेऱ्या. माल आला असावा.’

त्याच आठवड्यात अवकाळी वादळ आलं. रात्री विजा, वारा, लाइट गेलेली. बाबा आणि मी बाल्कनीच्या दारात टॉर्च घेऊन उभे. माड काळ्या आभाळात झुलताना दिसत होता. त्या रात्री मला दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची भीती पूर्ण समजली. सकाळी दोर ताठ, खोड जागेवर. काका खाली उभे राहून वर बघत होते. मला म्हणाले, ‘आहेत ना गं?’

‘आहेत काका.’

पाऊस आणि पंख

त्यानंतर सोसायटीचं वेगळंच काहीतरी झालं. भोकातून डोकं बाहेर यायला लागलं, आणि माडाखालच्या दोरीच्या अलीकडे खुर्च्या यायला लागल्या. पोरांनी दुर्बीण मिळवली. माझ्या फोनमध्ये पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ‘मर्लिन’ हे फुकट अ‍ॅप होतं, ते सगळ्यांनी घेतलं. लूम चालू असताना बिचाऱ्याला काही ऐकू यायचं नाही. मग शुक्रवार आमचा वाद्यवृंदाचा दिवस ठरला.

तिकडे बातम्या यायला लागल्या की मान्सून घाई करतोय. आमचं सगळं गणित ‘पाऊस जूनमध्ये’ यावर बांधलेलं. मुंबईत तो साधारण ११ जूनला येतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. १९५० पासूनच्या नोंदींत इतका लवकर कधीच आला नव्हता.

२३ मे, शुक्रवारी सकाळी पहिलं पिल्लू उडालं. उडालं म्हणजे काय, भोकातून सुटलं आणि पर्जन्यवृक्षाच्या खोडावर जाऊन आपटल्यासारखं चिकटलं. तिथून आईच्या मागे गुलमोहरावर. दुसरं मात्र हटून बसलं. शनिवारी दिवसभर आई-बाप समोरच्या माडावरून हाका मारत होते, हे डोकं बाहेर काढायचं आणि आत घ्यायचं. रविवारी दुपारी, आभाळ भरून आलेलं असताना, अर्धी सोसायटी खाली उभी असताना, ते निघालं. टाळ्या वाजल्या. बाबा वर बाल्कनीत होते. त्यांनी वही उघडली आणि लिहिलं : ‘२५ मे. २.१०. दोन नग रवाना.’

सोमवारी धो-धो पाऊस.

३१ मेला, ठरल्याप्रमाणे, माड उतरवला. रीतसर परवानगी होती. पाडेली आधी वर चढला, भोकात हात घालून बघितलं, ‘खाली आहे’ म्हणून ओरडला, मगच कापायला सुरुवात केली. मी समोर उभी होते. या वेळी वर बघूनच सही केली होती. एकच विनंती केली : बुंध्याचा दहा-बारा फुटांचा खांब राहू दे. तेवढा पडला तरी कोणाच्या अंगावर येणार नाही. काकांनी मान डोलावली.

बिल्डर आणि भाडेकरू

‘एक माड काय आणि दोन पिल्लं काय,’ असं वाटू शकतं. मलाही वाटलं असतं. पण हळूहळू जे कळलं ते असं.

लाकूड कोरून घर बांधता येणारे पक्षी फार थोडे. पण तयार ढोलीत राहणारे पुष्कळ. राघू, साळुंकी, दयाळ, पिंगळा, या सगळ्यांना भोक लागतं आणि त्यांतल्या कोणाला ते स्वतः नीट पाडता येत नाही. सुतार सहसा दरवर्षी नवं घर कोरतो आणि जुनं सोडून देतो. म्हणजे वस्तीत सुतार हा बिल्डर आणि बाकीचे भाडेकरू. डिपॉझिट नाही, ब्रोकर नाही.

आणि बिल्डरला लागते ती जागा कुठली? सुकलेली फांदी, मेलेलं खोड. नेमकं तेच आपण पहिलं उचलतो. ‘कचरा’ म्हणून, ‘बरं दिसत नाही’ म्हणून. धोका असेल तिथे कापावंच लागतं, वाद नाही. पण प्रत्येक सुकं लाकूड धोका नसतं.

भिवंडीच्या उत्तरेला, शहापूरच्या बाजूला तानसाचं जंगल आहे. तिथे २०१४ साली रानपिंगळा सापडला. हे छोटं घुबड १८८४ नंतर शंभरहून जास्त वर्षं कोणाला दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरलं होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसलं, मग इतर जंगलांत, आणि २०१४ मध्ये मुंबईला पाणी देणाऱ्या तानसाच्या काठी. तेही घरटं करतं ते झाडाच्या ढोलीतच. ढोलीला किंमत असते ती अशी.

आमच्या खांबावर सध्या कोणी राहत नाही. पण सकाळी दयाळ त्यावर बसून गातो. सुताराची जोडी गुलमोहरावर येते, पर्जन्यवृक्षावर येते, आणि मधेच खांबावर उतरून दोन-चार ठोके मारून बघते. साइट व्हिजिट.

परवा शुक्रवारी पुन्हा टर्रर्रर्र ऐकू आलं. बाबा चहा घेत होते, त्यांना काही कळलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर बोटांनी तोच ठेका धरला, भराभर. त्यांनी कप ठेवला, वही ओढली.

‘किती वाजता?’

‘सहा चाळीस.’

शेरा : ‘काम पुन्हा चालू. आवाज मुलीने ऐकला.’

तुम्हालाही बघायचाय?

कुठे : लांब जायची गरज नाही. सोसायटीतले माड, आंबा, गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, जुन्या देवळाचं किंवा तलावाकाठचं झाड. आमच्याकडे वऱ्हाळादेवी तलावाच्या बाजूला फेरफटका मारला तरी पुरतो. नजर पानांत नको, खोडावर आणि सुकलेल्या फांद्यांवर ठेवा.

कधी : सकाळी सहा ते आठ बेस्ट. ढोल ऐकायचा तर फेब्रुवारी-मार्च. विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते जुलै.

काय लागेल : कान आणि वीस मिनिटं. हौस वाढली तर ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये.

कोणासोबत : दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. घराच्या खिडकीतून पंधरा मिनिटं पक्षी मोजून ‘ई-बर्ड’वर नोंद करायची. शिवाय राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो : सुरुवात मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाला, शेवट सालिम अलींच्या.

काय करू नका : घरट्याजवळ गर्दी, फ्लॅश, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून बोलावणं, हे सगळं टाळा. तो आपला इलाका राखायला येतो, सेल्फी द्यायला नाही.

झाड कापायचंय? : सोसायटीच्या आवारातलं, सुकलेलं असलं तरी परवानगी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं ‘वारसा वृक्ष’ मानली जातात. आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणं हीसुद्धा शिकारच. म्हणून सही करण्याआधी दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, झाडाखाली उभं राहा. आणि वर बघा.